खालून वाचलेला मेमो

मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा शहराला मद्रासच म्हणत. आमची कचेरी समुद्रासमोरच्या रस्त्यावर होती. दुपारी वारा सुटला की सगळ्या टेबलांवरचे कागद एकदम फडफडत आणि जो तो हाताला लागेल ती वस्तू कागदांवर ठेवी. विभागात बारा-चौदा पुरुष आणि मी एकटी मुलगी. माझ्याआधी त्याच मशीनवर एक बाई काम करत होती. तिचं लग्न ठरलं, ती गेली, म्हणून जागा रिकामी झाली, इतकंच मला सांगण्यात आलं होतं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. लग्न झालं की मुली नोकरी सोडतात हे मीही धरूनच चालले होते.

आमचे सुपरिंटेंडेंट कुंभकोणमकडचे, पन्नाशी ओलांडलेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा कोट, वरच्या खिशात लाल पेन्सिल. माझ्याशी ते तमिळमध्ये बोलत आणि मी वयानं लहान असले तरी मला 'अम्मा' म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चार ओळी लिहिलेला कागद माझ्यासमोर ठेवला आणि याचा ऑफिस मेमोरँडम करून आणा म्हणाले. टायपिंगच्या क्लासात मी पत्रं शिकले होते. तेच केलं. वर 'महोदय', मग 'आपणांस कळविण्याचा मान मिळत आहे', आणि शेवटी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक'. एकही अक्षर चुकलं नव्हतं. अभिमानानं कागद त्यांच्यापुढे नेला.

ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं.

"अम्मा, हे पत्र झालं," ते म्हणाले. "मी मेमो मागितला होता."

मग कोरा कागद घेऊन त्यांनी पेन्सिलीनं नुसत्या रेघा मारून मला मेमो दाखवला. वर क्रमांक. त्याखाली मधोमध कचेरीचं नाव, उजव्या बाजूला ठिकाण आणि तारीख. मग मधोमध मोठ्या अक्षरांत 'ऑफिस मेमोरँडम' आणि खाली रेघ. त्यानंतर विषय, शक्यतो एका ओळीत. 'महोदय' नाही, 'सेवक' नाही. सुरुवात अशी की खाली सही करणाऱ्याला पुढील गोष्ट कळवण्याची आज्ञा झाली आहे. मी नाही, आम्ही नाही, तुम्ही नाही. पहिल्या परिच्छेदाला क्रमांक द्यायचा नाही. दुसऱ्यापासून दोन, तीन, चार. उजवीकडे सही, सहीखाली हुद्दा. आणि ज्याला पाठवायचा त्याचं नाव सगळ्यांत शेवटी, डाव्या हाताला. आणखी कोणाला प्रत जाणार असेल तर तीही तिथेच खाली.

ज्याला लिहायचं त्याचं नाव शेवटी का, असं मी विचारलं. ते थोडे विचारात पडले. बहुधा हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. म्हणाले, मेमोत कोणी कोणाच्या पाया पडत नाही आणि कोणी कोणाला दटावत नाही. एक कचेरी दुसऱ्या कचेरीपुढे एक गोष्ट मांडते. म्हणून आधी गोष्ट, माणसं नंतर. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी मला पुन्हा थांबवलं.

"टाइप करताना वरून खाली करा. वाचताना मात्र खालून वर वाचायची सवय ठेवा. आधी पाठवलाय कोणाला, मग सही कोणाची, मग तारीख. मजकूर शेवटी. मजकूर वाचला की प्रत्येकाला वाटतं हे आपल्यालाच लिहिलं आहे."

त्या दिवशी मी तो मेमो तीनदा टाइप केला. तिसऱ्या वेळी त्यांनी लाल पेन्सिल खिशातून काढली नाही.

आम्ही मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत राहत होतो. आमचं मूळ तंजावरचं. तिथं पिढ्यान् पिढ्या राहून आमची मराठी इतकी जुनी आणि तमिळ मिसळलेली झाली होती की पुण्याहून कोणी पाहुणे आले तर ते आधी हसत आणि मग कान देऊन ऐकत. अप्पा शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांच्या इंग्रजीची गल्लीत ख्याती होती. कोणाला बदली हवी असो, मुलाला फी माफी हवी असो, नळाची तक्रार असो, लोक आमच्या ओट्यावर येत आणि अप्पा अर्ज लिहून देत. त्या अर्जांतला अर्जदार नेहमी वृद्ध, दीन, कुटुंबवत्सल आणि साहेबाच्या दीर्घायुष्यासाठी रोज प्रार्थना करणारा असे. लोक अर्ज ऐकताना डोळे पुसत. मी घरी येऊन मेमोचं वर्णन केलं तेव्हा अप्पांना ते मुळीच आवडलं नाही. नमस्कार नाही, निरोप नाही, असा कागद पाठवणं म्हणजे एखाद्याच्या घरात शिरून काही न बोलता भिंतीवर लिहून निघून जाण्यासारखं आहे, असं त्यांचं मत पडलं.

मला मात्र ते काम आवडत होतं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. आमच्या घरात बोलणं फार होई आणि प्रत्येक बोलण्याला मान-अपमानाची झालर असे. मेमोत तसलं काही नव्हतं. सकाळी डब्यात दहीभात घेऊन बसमध्ये चढावं, कचेरीत जाऊन मशीनवरचं कापड काढावं, दोन कागदांमध्ये कार्बन घालावा, आणि एखादी गुंतलेली गोष्ट चार परिच्छेदांत सरळ होताना पाहावी. तिसऱ्या वर्षापर्यंत सुपरिंटेंडेंट मला मसुदेही करायला देऊ लागले होते.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा तिरुवल्लिकेणीचा, आमच्यापैकीच, कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. मुलगी पाहायला आले तेव्हा त्याच्या आईनं मला गाणं म्हणायला सांगितलं नाही. मिनिटाला किती शब्द टाइप करतेस असं विचारलं. मी आकडा सांगितला. तिनं मान डोलावली, पण तिला तो कमी वाटला की जास्त ते कळलं नाही. नंतर आम्हां दोघांना पाच मिनिटं मागच्या अंगणात बोलू दिलं. त्यानं नोकरीबद्दल विचारलं. मी म्हटलं, मला ती सोडायची नाही. त्यानं विहिरीचा रहाट उगाच एकदा फिरवला. मग म्हणाला, "आमच्या घराजवळून बीचकडची बस थेट जाते."

मी त्याला तिथेच मनातून होकार दिला.

पत्रिका छापून आल्यावर एक पत्रिका आणि रजेचा अर्ज घेऊन मी प्रशासन विभागात गेले. तो विभाग मागच्या इमारतीत होता. तिथले आस्थापनेचे कारकून मध्यमवयीन, सज्जन गृहस्थ. त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, वाचली, तोंडभरून अभिनंदन केलं. मग रजेचा अर्ज पाहून गोंधळले. लग्न करणाऱ्या मुलीला रजा कशी देता येईल, तिनं राजीनामा द्यायचा असतो, असं ते म्हणाले. तसा जुना मेमो आहे. आजपर्यंत सगळ्या मुलींनी तसंच केलं. माझ्या आधीच्या बाईंनीही. त्यांच्या आवाजात जरब नव्हती. उलट मला हे आधी कोणी सांगितलं नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं. राजीनाम्याचा नमुनाही त्यांनी काढून दिला.

त्या दुपारी माझ्या हातून इतक्या चुका झाल्या की एका कागदाला खोडरबरानं भोक पडलं. माझ्या खुर्चीवर बसणारी ती बाई हाच नमुना घेऊन याच जिन्यावरून खाली आली असेल, हे सारखं डोळ्यांपुढे येत होतं. तीन वर्षांत मी तिचा विचार एकदाही केला नव्हता.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, गेली तर गेली नोकरी, शुभकार्याच्या तोंडावर कचेरीशी भांडण नको. अप्पांनी चष्मा लावला, दौत पुढे ओढली आणि जेवणापूर्वी तीन पानांचा अर्ज लिहून काढला. त्यात ते जराजर्जर झाले होते. आई अंथरुणाला खिळली होती. प्रत्यक्षात ती शेजारी बसून भाजी निवडत होती. मी कचेरीची कृतज्ञ कन्या होते आणि साहेबांच्या कृपाछत्राखालून दूर केल्यास कोमेजून जाणार होते. वाचताना मला हसू आलं आणि रडूही आलं. अप्पांना माझ्यासाठी एवढंच करता येत होतं आणि ते त्यांनी मनापासून केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो अर्ज सुपरिंटेंडेंटपुढे ठेवला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला आणि तुमच्या वडिलांचं इंग्रजी फार सुंदर आहे म्हणाले. मग अर्जाची घडी घालून मला परत दिली.

"तो जुना मेमो तुम्ही पाहिलात का, अम्मा?"

मी नाही म्हटलं.

"कोणी पाहिलाय?"

ते म्हणाले, आधी पाहून या.

आस्थापनेच्या कारकुनांना मेमो सापडायला दोन दिवस लागले. रेकॉर्डच्या खोलीत, सर्वांत खालच्या फळीवर, नाडीनं बांधलेल्या एका फाइलीत तो होता. कागद पिवळा पडला होता, पण टायपिंग नीटनेटकं होतं. खोलीत बसायला जागा नव्हती. खिडकीच्या उजेडात उभी राहून मी तो वाचायला घेतला, खालून.

डावीकडे अगदी तळाला एकच नाव होतं, म्हणजे एकच हुद्दा: युद्धकाळात उघडलेल्या एका तात्पुरत्या शाखेचे सुपरिंटेंडेंट. प्रत इतर कोणालाही नव्हती. तारीख युद्धातलीच. मग मी मजकूर वाचला. शाखा तात्पुरती असल्यामुळे, शाखा चालू असेपर्यंत तिच्यात घेतलेल्या स्त्री टायपिस्टना विवाहानंतर कामावरून मोकळं करावं, एवढंच त्यात होतं. ती शाखा मी शाळेत असतानाच बंद झाली होती.

मी पुन्हा वाचलं. आपण आपल्याला हवं तेच वाचतोय अशी भीती वाटली, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. मग पेन्सिलीनं सगळा मजकूर रजेच्या अर्जाच्या पाठीमागे उतरवून घेतला. कारकून माझ्या खांद्यावरून पाहत होते. ते हळूच म्हणाले, "हे मी कधी वाचलंच नव्हतं. माझ्याआधीच्या माणसानं मला तोंडी सांगितलं होतं."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांचा चेहरा पाहिल्यावर तो येणं शक्य नव्हतं.

सुपरिंटेंडेंटनी माझी पेन्सिलीची नक्कल तळापासून वर वाचली आणि पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं. आता आपल्या विभागातून प्रशासन विभागाला मेमो जाईल, म्हणाले, आणि त्याचा मसुदा तुम्ही करा. माझ्याच प्रकरणाचा मसुदा मी कसा करणार, असं मी विचारलं. तुमचं प्रकरण तुमच्याइतकं नीट कोणाला माहीत आहे, असं म्हणून ते आपल्या फाइलींकडे वळले.

तो मसुदा मला फार जड गेला. इतरांच्या गोष्टी मी किती सहज लिहीत होते. स्वतःची लिहायला बसले आणि अप्पांची लेक होऊन गेले. पहिल्या मसुद्यात 'दुर्दैवाने' होतं, 'सहानुभूतीपूर्वक' होतं, माझी तीन वर्षांची निष्ठेची सेवा होती. लाल पेन्सिलीनं तिन्हींवर काट मारली. दुसऱ्यात मी रागावले होते. किती मुलींना विनाकारण घरी बसवलं असा एक परिच्छेद होता. त्यावरही काट. ही गोष्ट खरी आहे, पण तिची जागा इथे नाही, असं त्यांनी समासात लिहिलं. तिसऱ्या मसुद्यात चुकून एक 'मी' राहिला होता. त्याच्याभोवती फक्त एक गोल होता.

चौथा मसुदा असा होता, इंग्रजीत अर्थातच. या विभागातील एका टायपिस्टनं विवाहासाठी रजेचा अर्ज केला आहे. राजीनाम्यासाठी ज्या मेमोचा आधार सांगण्यात येतो तो एका तात्पुरत्या शाखेला उद्देशून होता. ती शाखा आता अस्तित्वात नाही. तो मेमो अन्य विभागांना लागू केल्याचा आदेश या विभागाच्या पाहण्यात नाही. तसा आदेश असल्यास त्याची प्रत पाठवावी. नसल्यास रजा मंजूर करण्यास हरकत आहे किंवा कसे, हे कळवावे.

संपूर्ण मेमो अर्ध्या पानातच बसला. त्यात मी कुठेच नव्हते आणि तरी वाचताना मला पाठ ताठ झाल्यासारखं वाटलं.

मसुद्याची एक प्रत मी घरी नेली. अप्पा ओट्यावर संध्याकाळच्या उजेडात बसले होते. त्यांनी वाचला, कागद उलटून मागे काही आहे का पाहिलं.

"अगे, विनंती कोठे आहे यांत?"

"विनंती नाही, अप्पा. प्रश्न आहे."

त्यांनी पुन्हा वाचला. समोरून देवळात जाणाऱ्या ओळखीच्या बाईनं विचारपूस केली, तिला त्यांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "विनंतीला उत्तर दिलें नाहीं तरी चालतें. प्रश्नाला द्यावें लागतें." आणि थोड्या वेळानं आत जाऊन त्यांनी आपला तीन पानी अर्ज उचलून पेटीत ठेवून दिला.

आमच्या अधिकाऱ्यांनी मेमो दोनदा वाचला, जुन्या मेमोची नक्कल पाहिली आणि सही केली. मग वाट पाहणं आलं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. घरी फराळाच्या तेलाचे वास सुटले, मंडपवाला ठरला. आई रोज मी घरात शिरले की माझ्या तोंडाकडे पाही. सासरी मी सगळं कळवून ठेवलं होतं. सासूबाईंचा उलट निरोप आला की लग्न ठरल्या दिवशीच होईल, कचेरीनं आपल्या सवडीनं उत्तर द्यावं. शेवटी रजेवर जायचा दिवस आला तरी उत्तर नव्हतं. मी आस्थापनेच्या कारकुनांकडे गेले. त्यांनी माझा रजेचा अर्ज घेतला, त्यावर 'खुलासा येईपर्यंत स्वीकारला' असा शेरा लिहिला आणि स्वतःच्या जबाबदारीवर सही केली. राजीनाम्याचा नमुना परत मागितला. मी तो दिला.

लग्न वैशाखातल्या उकाड्यात, मैलापूरच्याच एका कल्याणमंडपात झालं. त्या गर्दीत आणि वाद्यांच्या आवाजात मी कचेरी विसरले असं म्हणायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही.

रजेचे चार दिवस उरले असताना एका संध्याकाळी तिरुवल्लिकेणीच्या आमच्या दारात सुपरिंटेंडेंट उभे राहिले. हातात छत्री आणि एक लांबट पाकीट. सासूबाईंनी त्यांना बसवलं, कॉफी दिली. त्यांनी कॉफी शांतपणे संपवली, कॉफीचा पितळी डबरा खाली ठेवला आणि पाकिटातून कागद काढला. माझ्या हातात देण्याआधी त्यावर बोट ठेवून म्हणाले, "पहिल्या परिच्छेदाला क्रमांक घातलाय त्यांनी. प्रशासन विभागानं अशी चूक करावी." तिथं लाल गोल होता.

मी खालून वाचायला सुरुवात केली. डावीकडे आमच्या विभागाचं नाव. त्याखाली 'प्रत' असं लिहून पुढे: संबंधित टायपिस्ट. मेमोच्या तळाला माझा हुद्दा मी पहिल्यांदाच पाहत होते आणि तिथून वर जायला मला जरा वेळ लागला. मजकूर तीन ओळींचा होता. संदर्भातील मेमो त्या शाखेबरोबरच संपुष्टात आला आहे. विवाहानंतर राजीनामा देण्याची अट सध्या कोणत्याही विभागाला लागू नाही. रजा मंजूर करण्यात येत आहे.

"काय म्हणतात ते?" सासूबाईंनी विचारलं.

"सोमवारी जायचंय," मी म्हटलं. त्यांनी लगेच माझ्या नवऱ्याला हाक मारून माझ्यासाठी डबा आणायला सांगितलं. आमच्या घरात तीनच डबे होते आणि तिन्ही वापरातले.

सोमवारी मी कामावर गेले. आठवड्याभरात माझ्या आधीच्या बाईचा पत्ता आस्थापनेच्या कारकुनांनीच मला शोधून दिला. मी तिला सगळं लिहिलं, यावेळी मात्र पत्रच, 'मी' आणि 'तुम्ही' घालून. तिचं उत्तर तिरुचीहून आलं. ती तिथल्या एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग करत होती आणि नोकरी तिला आवडत होती. तिनं कोणाला दोष दिला नव्हता. आमच्या मशीनचं एक अक्षर अजून अडकतं का, असं विचारलं होतं. अडकत होतं.

पुढे मी त्या कचेरीत निवृत्तीपर्यंत राहिले आणि सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीतही बसले. पण आठवतो तो लग्नानंतर कामावर परतल्याच्या पहिल्या महिन्यातला एक दिवस. जेवणाच्या सुट्टीत तळमजल्यावरच्या विभागातली एक मुलगी वर आली. आम्ही जिन्यात एकमेकींना पाहिलेलं होतं, बोललो कधी नव्हतो. ती बराच वेळ दाराशी घुटमळली. मग जवळ येऊन, खालच्या आवाजात, तिनं प्रशासन विभागाच्या त्या मेमोची एक प्रत मिळेल का असं विचारलं. तमिळ लोक आडी महिन्यात लग्नं करत नाहीत, तो संपला की तिचं लग्न होतं. तिच्याशेजारी बसणाऱ्या मुलीलाही एक हवी होती, आणि टेलिफोनवरच्या दोघींना.

मी चार कागद घेतले, मधे तीन कार्बन घातले आणि मशीनमध्ये सरकवले. ती टेबलाचा कोपरा धरून उभी राहून पाहत होती. टाइप करून झाल्यावर प्रती सुट्या केल्या तर सर्वांत खालची फिकी आली होती. मी म्हटलं, ही राहू दे, दुसरी करून देते. तिनं ती माझ्या हातातून घेतली, खिडकीकडे धरून पाहिली आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली.

"हीच चालेल," ती म्हणाली. "वाचता येतंय."